अकराच, पण माझे

सूनबाई,

तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी टीव्हीपुढच्या त्या खेळाच्या पाटावर एकटाच चढलो. डावी-उजवीकडे भार देत पडद्यावरची फळं टोपलीत झेलायची. रोज ऐंशी गुण होतात, आज अकरा! पाटाने माझं वजनही बावन्न दाखवलं, काल सत्तर होतं. म्हणजे मला मागून धरताना तुझा पाय पाटावर असतो आणि फळं तूच झेलतेस!

झटक्याने माझं अर्धं अंग गेलंय, अक्कल नाही. तरुणपणी जंगलात तीन वाघांना चकवलेल्या माणसाला फसवतेस? त्या ऐंशीच्या भरवशावर खालच्या मजल्यावरच्या व्यायामवाल्या बाई सोमवारी माझी काठी काढून घेणार होत्या!

काठी घेऊन, लिफ्टने त्यांच्याकडे खरा आकडा सांगायला गेलोय. मागे येऊ नकोस. अकराच आहेत, पण माझे आहेत.