धूर निघतो ते घर

१० मे
लिही मने, म्या बोलते तसंच. मधी सुधारू नकोस. मला अक्षर येत न्हाई म्हणून रोजनिशी तुझ्या हातात, पण तोंड माझंच.
मनी म्हणजे बाळूची, माझ्या लेकाची पोरगी. पुण्यात मोबाईलवरचे खेळ बनवणाऱ्यांकडं कामाला. त्यांना एक अख्खं जग रचायचंय, नसलेलं. त्यातले ऋतू हिच्याकडं. देवाला धड जमले न्हाईत, हिला महिन्यात द्यायचेत. म्हणून वेल्ह्याच्या वर माझ्याकडं येऊन बसली. रेंज फक्त अंगणातल्या दगडावर. दगडावर बसून ढग बनवते.

१३ मे
हिच्या जगात चार ऋतू. एकात नुसता बर्फ.
"बर्फ बघितलास का गं कधी?"
"फ्रीजमधी."
मग फ्रीजचा ऋतू म्हण की.
म्या म्हटलं, उन्हाळा काढून टाक, कुणाला हवाय? तर म्हणे, आजी, समुद्र तापला न्हाई तर ढग कुठून आणू? डोंगराच्या पलीकडं म्या पाऊस पाडला, तोबी हिनं पुसला. डोंगर ढग अडवतो, पलीकडं कोरडं. व्हय की. माझं माहेर शिरवळकडचं. सासरी भिंती भिजायच्या, माहेरी आभाळाकडं बघत बसायचे. जन्मभर बघितलं आणि खेळात विसरले.

१७ मे
आज माझा एक ऋतू घेतला. आगोट. पावसाआधी लाकूड, गोवऱ्या, मीठ-मिरची भरून ठेवायची, पावसाच्या अंगाच्या भिंतीला आडोशाला गवताच्या झडी बांधायच्या. मग डोंगर दार लावून घेतो. आभाळात काहीच होत न्हाई, माणसंच पळतात. मनीला लई आवडला.
सांगता सांगता आमच्या पडवीकडं बघितलं. दरसाल बाळू भोरहून येतो, लाकूड फोडून रचतो, झडी बांधतो. यंदा आंब्याची पेटी घेऊन आला, चार आंबे खाऊन गेला.
ज्या घराची आगोट भरत न्हाई, त्या घरात पावसाळा काढायचा नसतो.
पडवी झाडून घेतली. एवढंच लिही.

२० मे
विचारलं, तुझ्या जगात पावसाळ्यात डोंगरावरची म्हातारी माणसं काय करतात?
"खाली उतरतात. गावं रिकामी होतात. मग खेळणारा त्या घरांत शिरून वस्तू गोळा करतो."
"म्हातारीच्या घरात काय सापडतं?"
"भांडी. मुळ्या. कधीमधी जादूची अंगठी."
अंगठी केव्हाच हिच्या आईला दिली. रिकाम्या हातानं जाईल बिचारा.
मग सरळच विचारलं. मला भोरला कधी नेणार?
"एकतीसला. पप्पा टेम्पो आणणारेत. मला म्हणाले, आधी जाऊन राहा, तिचं मन वळव."
"आणि ऋतूंचं काम?"
"तेबी खरंच आहे, आजी."
तेबी खरंच. थांबलीस का? लिही की.

२४ मे
मधी बोलले न्हाई, म्हणून कोरं.
बाळूचं अगदीच चुकतं असं न्हाई. गेल्या पावसात म्या पडवीत पडले. रस्त्यावर दरड आलेली, त्याला वर पोचता येईना. तेव्हापासून बोलताना माझ्याकडं न बघता माझ्या पायांकडं बघतो. पण भोरला त्याच्या घरी खिडकीत बसवतात मला. तिथला पावसाळा म्हणजे कपडे वाळत न्हाईत, एवढाच.
आज मनीच्या जगाला एक कायदा दिला. पावसात ज्या घरातून धूर निघतो, त्या घरात कुणी शिरायचं न्हाई, त्याला कुलूप घालायचं न्हाई. हिनं लिहिला. दगडावर जाऊन साहेबाला वाचून दाखवला. साहेब म्हणे, मग खेळणाऱ्यानं करायचं काय? खोडला.
"तू काय म्हणालीस त्याला?"
"ओके म्हणाले."
बापाचीच लेक.

२८ मे
सरपणाला गेले, करवंदीच्या जाळीपर्यंत. मनी मागनं. मोळी हिनंच आणली, माझ्या डोक्यावर देईना. मग झडी. शिकलेल्या पोरीनं गवताचे शेंडे वर करून बांधले. सगळं पाणी घरात. सोडून परत बांधायला लावल्या. "तुझ्या जगात पाणी वर चढत असंल," म्हटलं. हसली. म्याबी. लई दिवसांनी.
मोळी एकच. पावसाळा...

३१ मे, रविवार
टेम्पो आला.
"आये, चल. भांडी मागनं नेऊ."
"रिकामा का आणलास? येताना वेल्ह्यातनं लाकडं तरी भरायचीस."
"आये, गंमत नको."
चुलीपुढं बसले. पेटवली. लाकूड ओलसर, धूर लई. कौलांतनं बाहेर निघतोय. बाळू अंगणात उभा राहून बघतोय. त्याला कायदा माहीत न्हाई. जिला माहीत आहे ती माझ्यापुढं बसून लिहितेय, डोळे पुसतेय. म्हणे धुरानं.
"जा, सांग त्याला."
"काय सांगू?"
"तुझ्या जगातलं."
उठली न्हाई अजून.
मोळी निम्मी झाली. झडी एकाच भिंतीला. बाळूनं खिशातलं कुलूप काढून ओट्यावर ठेवलंय, आपण त्याच्या शेजारी बसलाय. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय.
लिही, हॉर्न वाजवतोय. आणि ते लाकूड आत सरकव.