पॉपी कुंडीत का पेरायची?

३ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कोणतं बी कधी पेरायचं ते विचारलंस. पिटुनिया लगेच पेर. वर माती घालू नकोस, बी नुसतं दाबून घे. लार्कस्पर आणि पॉपी हवा जरा गार झाली की. झिनियाचं पाकीट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ठेवून दे. यंदा मात्र सगळं कुंड्यांतच लाव, पॉपीसुद्धा. तुझ्या गुडघ्यांना वाकणं नको.

दुकानात बियाण्यांची पोती आली आहेत, म्हणून आवरतं घेतो. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा धाकटा


९ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पॉपीला जागा बदललेली सोसत नाही, जिथं फुलायची तिथंच, वाफ्यात पेरा, असं सांगून तू जन्मभर गिऱ्हाइकांचं डोकं खाल्लंस. मग बहिणीलाच उलटं ज्ञान का? कुंडी उचलून नेता येते, म्हणून ना? गुडघ्यांचा पुळकाही आत्ताच आला. त्यात शेजारच्या मास्तरांनी परवा सहज म्हणून विचारलं, की माझं कपाट दोघांना उचलवेल का.

कुठंतरी पाणी मुरतंय. मला इथून हलवायचा तुझा बेत आहे. तुला कडेवर घेऊन फिरवलंय मी, मला बनवू नकोस. खरं लिहिलंस तर लोभ राहील.

ताई


१४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. आमची वरची खोली तुझ्यासाठी रंगवून ठेवली आहे. शेगडी चालू ठेवून तू दोनदा बाहेर गेलीस, असं मास्तरांनी कळवलं. तेव्हापासून मला झोप नाही. तुला सरळ विचारायचा धीर झाला नाही. तू एकदा नाही म्हणालीस की विषय संपतो, हे लहानपणापासून बघतोय.

तुझं घर विकणार नाही, तेवढा तरी विश्वास ठेव. रागाव, पण पत्र पाठव.

तुझा धाकटा


२० सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मास्तर माझा चहा पिऊन तुला बातम्या पुरवतात तर. आणि गुडघ्यांची एवढी काळजी करणारा मला जिना चढायला लावणार, धन्य आहे तुझी.

तुझ्यावरच्या रागानं काल पॉपी मुद्दाम वाफ्यात पेरली, म्हणजे कुणाला उचलता येणार नाही. हात धुवायला गेले तर पॉपीचं पाकीट पदरात तसंच, न फोडलेलं. वाफ्यात झिनिया गेली होती. पॉपीचं बी रव्याहून बारीक, झिनियाचं चांगलं चपटं. डोळ्यांचं सोड, बोटांना तरी कळायला हवं होतं. मी घाबरले आहे रे.

शेगडीचं खरं आहे. दोनदा नाही, जास्त वेळा. मास्तरांना सगळं कुठं ठाऊक.

रविवारी ये. समोर बसून विचार. मी नाही म्हणेन. तू पुन्हा विचार.

तुझी ताई