चणे खाल्ले, नोकरी कुठाय?

मनोरी,
उपवासकाळाचा दुसरा आठवडा

प्रिय डेल्फिन मावशी,

जोॲनचा सप्रेम नमस्कार. तू सुखरूप असशील आणि तुझे दोन्ही गुडघे आपसांत भांडत नसतील, अशी आशा करते. मम्माने विचारलंय, साखर कशी आहे? (खरं तर तिने विचारलंय, 'डेल्फिन चोरून खातेय का?' मी जरा सभ्य करून लिहिलं.) आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे मी सोडून सगळे.

माझा नर्सिंगचा निकाल लागला, कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही हातात आलं, हे तुला माहीत आहेच. मम्माचा नवसही माहीत आहे: जोॲनला नोकरी लागली की आळीतल्या क्रुसापाशी लदीन, म्हणजे संतांची प्रार्थना, गायची, गावाला उकडलेले चणे वाटायचे आणि वडीलधाऱ्यांना एक घोट पाजायचा. (शेजारच्या लेस्टर अंकलचा एक घोट केवढा असतो ते तू पाहिलं आहेस.) आता कोणीही शहाणा माणूस आधी नोकरी आणि मग लदीन, असा क्रम ठेवील. पण अंधेरीच्या एका हॉस्पिटलमधून मुलाखतीचा फोन आला तेव्हा उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार तोंडावर आला होता. उपवासकाळ लागला की बाटली बंद, आणि बाटली बंद म्हटल्यावर लदीन गायला येणार कोण? ईस्टरपर्यंत थांबावं तर मम्माला भीती, देव म्हणेल, ही इनेझ टाळाटाळ करतेय. शिवाय मम्माच्या मते मुलाखत म्हणजे नोकरीच, कारण तुला म्हणे सकाळी बोलावलं आणि दुपारी वॉर्डात उभं केलं होतं. मी म्हटलं, मम्मा, तेव्हा नर्स मिळत नव्हत्या. ती म्हणाली, चणे भिजत घातलेत.

लदीन मात्र झकास झाली. मला पांढरा युनिफॉर्म घालून क्रुसाशेजारी उभं केलं, डोक्यावर तुझी जुनी नर्सची टोपीसुद्धा (आता कोणी घालत नाही हे कोण ऐकतंय!). लेस्टर अंकलने सगळ्या संतांची नावं एकाच दमात आणि एकाच चुकीच्या सुरात म्हटली. गावाने चणे खाल्ले, माझ्या गालांचे मुके घेतले, आणि मी नोकरी लागलेली बाई म्हणून घरी गेले.

मग सोमवारी अंधेरीला मुलाखत. मेट्रनने सांगितलं, पेशंट खाटेवर असताना चादर बदलून दाखव. पेशंट म्हणून तिथला वॉचमन भीमराज झोपवला होता. मला आनंदच झाला, कारण चादर हा आपल्या घराण्याचा विषय. तू लहानपणी माझ्याकडून करून घ्यायचीस तशी मी ती ताणली, कोपरे मुडपले आणि चारी बाजूंनी खोचली. काम इतकं उत्तम झालं की भीमराजला हात काढता येईना. रात्रपाळी करून आलेला बिचारा, त्याने फारसा प्रयत्नही केला नाही, सरळ घोरायलाच लागला. खाली गेट बंद, बाहेर मोठ्या डॉक्टरांची गाडी हॉर्न मारतेय, आणि गेटची चावी भीमराजच्या खिशात, म्हणजे माझ्या चादरीत! शेवटी दोघातिघांनी मिळून त्याला सोडवला. तो जाताना 'थँक यू सिस्टर' म्हणाला. मेट्रन म्हणाली, तुम्हाला अनुभव नाही.

त्यानंतर प्रत्येक ठिकाणी तेच. अनुभव आणा. अनुभव कुठे मिळतो? नोकरीत. नोकरी कुठे मिळते? अनुभव असला की. डोकं आउट झालं माझं. म्हणून जुहूला घरी राहून करायचं काम निघालं तेव्हा मी धावत गेले. फोनवर बाई म्हणाल्या होत्या, पेशंट वयस्कर आहे, डायबेटिस आहे, दोन वेळा इन्सुलिन, स्वभाव थोडा चिडका. मी मनात म्हटलं, अगदी माझी मावशी! (रागावू नकोस.) गेले तर पेशंट सोफ्याखाली. ब्रुनो. लॅब्राडोर. मी इंजेक्शन दिलं, त्याला कळलंही नाही, बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पगार चांगला देत होत्या, अनुभवाचं पत्रही देणार होत्या. पण मावशी, त्या पत्रात पेशंटच्या नावापुढे 'भुंकणं सुधारलं' असं लिहिलेलं घेऊन मी कुठल्या मेट्रनपुढे उभी राहू? नाही म्हटलं. मम्मा चिडली. तिचं म्हणणं, गावाला नुसतं 'जुहूचा प्रायव्हेट पेशंट' सांगितलं असतं की भागलं असतं.

गावाचं तर विचारूच नकोस. चणे खाल्ले म्हणजे माझ्यावर हक्क आला! सकाळी ओट्यावर बीपी बघायला रांग लागते. कोणाची पट्टी बदल, कोणाच्या पायात माशाचा काटा, कोणाला नुसतंच सांगायचं असतं की काल झोप लागली नाही. लेस्टर अंकल रोज कुंपणावरून ओरडतो, "काय गो, लागली का? माझा गळा बसला तुझ्यापायी!" त्याचं शास्त्र असं, की सुताराला पैसे आगाऊ दिले तर तो खिडकी कधी लावतो का? मग देवाला आगाऊ चणे देऊन तो नोकरी का लावील? मम्मा हे ऐकून क्रुसाकडे जरा रागानेच बघते. दिवसा मी हसते, मावशी, पण रात्री रडू येतं. मला कोणाची तरी सिस्टर व्हायचं होतं गं, आणि मी नुसती गावाची उधारी होऊन बसलेय.

असो. तू अजिबात काळजी करू नकोस. मला कुणाचा वशिला नको, कुणाची मदत नको. तुझा आशीर्वाद पुरे.

तुझीच,
जोॲन

ता. क. १: एक सांगायचं राहिलं. नोकरी लागली! भांडुपला, लहानसं हॉस्पिटल आहे. तिथल्या रुक्मिणी सिस्टरनीही अनुभवच विचारला. मी म्हटलं, रोज ओट्यावर अख्खं गाव तपासते, गाव आहे माझ्यामागे. त्या म्हणाल्या, गावातल्या कोणाशी तरी बोलणं करून द्या. मी मम्माला फोन लावला, तो लेस्टर अंकलने उचलला आणि ओरडला, "बाई, घ्या हो तिला! आम्ही चणे खाऊन बसलोय!" सिस्टरनी सगळी गोष्ट विचारून घेतली, हसून हसून खोकल्या, आणि म्हणाल्या, उद्या सकाळी सातला ये.

ता. क. २ (हे बोटीत लिहितेय, अक्षर हलेल): सकाळी सातला मनोरीहून भांडुप म्हणजे मला आदल्या दिवशीच निघायला हवं. बोट, मग मार्व्यापासून बस, मग अख्खी मुंबई आडवी. राहायला जागा नसेल तर ही नोकरी गेलीच. आणि भांडुपला माझं माणूस एकच.

ता. क. ३: लोक उपवासकाळात मटण सोडतात, तू पाहुणे सोडतेस, हे मम्माने बजावून सांगितलंय. फोन केला असता तर 'ईस्टरनंतर ये' म्हणून तू ठेवून दिला असतास. म्हणून हे पत्र पोस्टाने पाठवलं नाही. आताच तुझ्या दाराखालून सरकवलं ते मीच. पायरीवर बसलेय, जवळ सुक्या बोंबलांची पिशवी आहे आणि तुमच्या बिल्डिंगमधलं मांजर माझ्यापेक्षा पिशवीच्या जास्त जवळ सरकलंय. मी पाहुणी नाही, मावशी. स्वयंपाक करीन, तुझे गुडघे चोळीन, तू म्हणशील तेव्हा उठेन. चष्मा शोधायला तुला वेळ लागेल, माहीत आहे. वाचून होईपर्यंत थांबते, पण कडी काढ ना गं.