आयजीएची भरती

२९ नोव्हेंबर, दांडी. सकाळी ७
घरच्यांची हजेरी घेतली. बायको येसू, गुडघा कसा? कुरकुरतो. लेक हेमाली, बाळंतपणाचे टाके कसे? ओढतात, पण बरे. नात कशी? सहा दिवसांची झाली, दूध पिऊन झोपली. बोईसरला जावई कुंदनराव कसे? फोनवर शिंकत होते. मी कसा, ते कुणी विचारलं नाही. खोकला सोडला तर उत्तम.

दवाखान्यात हेमालीला मिळालेली पुस्तिका दोनदा वाचली. नाक, घसा, आतडं, जिथे जिथे आत ओलं अस्तर, तिथे आयजीए नावाची अँटीबॉडी पहारा देते. तारापूरच्या कंपनीत बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं, चटकन कळलं. हा गेटवरचा वॉचमन. जंतूशी मारामारी नाही. त्याला धरून ठेवायचं, भिंतीला चिकटू द्यायचं नाही, मागच्या गेटने बाहेर काढायचं. आईच्या पहिल्या पिवळ्या दुधात, म्हणजे चिकात, तो भरपूर. येसू म्हणत होती, ते टाकून द्या. हेमालीने सिस्टरचं ऐकून पाजलं. मी त्या वेळी चहाला गेलो होतो, पण माझा पाठिंबा होता.

३० नोव्हेंबर
बाळाला आईकडून वॉचमन मिळाले. आजोबाचं काय? पाच तारखेला बारसं. पाळण्यात घालण्याआधी बाळ माझ्या मांडीवर द्यायचं ठरलंय. खोकल्यामुळे अजून एकदाही घेतलेलं नाही, दारातूनच पाहतो. त्या दिवशी माझं अस्तर मजबूत हवं. निश्चय: पाच दिवसांत आयजीएची भरती.

१ डिसेंबर
योग बघा. डोंगराकडचा जिवल्या आमच्याकडून सुकट नेतो. त्याची गाय व्यायली, किटलीभर चीक घेऊन आला. येसूने गूळ-वेलची घालून खरवस उकडला. नऊ वड्या खाल्ल्या, औषध म्हणून. हेमाली म्हणाली, बाबा, उकडल्यावर अँटीबॉडी शिजून गेल्या, आता हा नुसता गोड पदार्थ. वाईट वाटलं. दहावी वडी विचार करत खाल्ली.

२ डिसेंबर, सकाळी ६
फ्रिजमधला उरलेला कच्चा चीक प्यायलो. दोन पेले. येसूने पाहिलं. म्हणाली, तुमी काय वासरू हाय? तिला शास्त्र कळत नाही.
दुपारी ३. पोटात गुरगुर. वॉचमन कामावर रुजू होत असावेत.
संध्याकाळी ७. पाच वेळा. मागचं गेट जोरात चालू. हेच तर त्यांचं काम.

३ डिसेंबर
नऊ वेळा. येसू बोईसरला डॉक्टर स्नेहलबाईंकडे घेऊन गेली. काय खाल्लं विचारलं, अभिमानाने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. काका, कच्चं दूध कशाला प्यायलात? आणि गाईच्या चिकात मुख्यतः आयजीजी, आयजीए थोडाच. मी म्हटलं, एका अक्षराचा तर फरक. म्हणाल्या, तुमचा आयजीए तुमचं आतडं रोज स्वतः बनवतं, बाहेरून भरती नको. ओआरएस प्या, साबणाने हात धुवा. जुलाब थांबल्यावर पुढचे अठ्ठेचाळीस तास बाळाला हात लावायचा नाही. एवढा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर बघणाऱ्या येसूने हे शेवटचं तेवढं नीट ऐकलं.

४ डिसेंबर
मुक्काम ओटीवर. ताट वेगळं, पेला वेगळा. निश्चय: दुपारपर्यंत थांबवायचं. थांबलं नाही. येसूला समजावलं, बाळाला संरक्षण आहे, पुस्तिकेत छापलंय. म्हणाली, तो आयजी तिच्या आयचा हाय, तुमचा नाय. तुमी तिकडंच बसा.

५ डिसेंबर, बारसं
ओटीच्या खिडकीतून पाहिलं, म्हणजे बायकांच्या पाठी पाहिल्या. माझ्या जागी व्याही बसले. आत्याने कानात नाव सांगितलं, ते पाळण्यापाशीच राहिलं. शेजारची नवसी घुगऱ्या वाटत बाहेर आली, तिच्याकडून कळलं. दीपिका. घुगऱ्या मला दिल्या नाहीत. येसूने सांगून ठेवलं होतं म्हणे.

७ डिसेंबर
सकाळी कुंदनराव रिक्षा घेऊन आले. हेमाली आणि बाळ बोईसरला गेल्या. सव्वा महिना इथे राहायचं ठरलं होतं. तिकडे डॉक्टर जवळ पडतील, म्हणाले. बाबा, तुमच्यामुळे नाही, असं हेमाली दोनदा म्हणाली. रिक्षा वळताना दुपट्यातून निसटलेला एक मोजा दिसला. आत पाय असणारच.

८ डिसेंबर, दुपारी १२
जुलाब थांबून छत्तीस तास. उद्या पहिल्या रिक्षाने बोईसर. दाढी केली, नखं कापली. येसूने पेजेवर राहा म्हणून बजावलंय. पण उद्या बाळ मांडीवर घ्यायचं, अस्तर तयार आहे की नाही याची ट्रायल नको? सुक्या बोंबलाची चटणी फक्त चाखली. दोन भाकऱ्यांबरोबर.

संध्याकाळी ५. तास पुन्हा शून्यापासून मोजतोय.
हेमालीला मेसेज पाठवला: उद्या येत नाही, इकडे थोडं काम निघालं. तुझी तब्येत सांभाळ. दीपिकाचे डोळे कुणासारखे आहेत? मला ओटीवरून नीट दिसले नाहीत. लवकर लिही.