जोराची मोटर

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आपल्या ऑगरची, त्या धान्य वर ओढणाऱ्या नळीची, मोटर गेली. ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबावर कण्हत का होईना फिरायची, काल तेही थांबलं. धान्य अंगणात पडलंय, कोठीत चढवायला काही नाही. बाबा म्हणतात, ऑगर सुरू झाल्याशिवाय मी घर सोडायचं नाही. तुझ्या शहरात बियाणे तपासणीच्या नोकरीवर मला महिनाअखेर रुजू व्हायचंय, हे त्यांना ऐकूच येत नाही. दुकानदाराने सगळ्यांत वेगवान मोटर दाखवली नि बाबा भाळले. तू ट्रॅक्टर दुरुस्त करतोस, तूच सांग कोणती घ्यायची. आई बरी आहे. नेहमीसारखी गप्प.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी भिंगरी

ता. ८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

वेगाला भुलू नका. मोटर कोणतीही असो, ट्रॅक्टर दाबाचं तेल देणार तेवढंच. वेगवान मोटर म्हणजे लहान; ती त्यावर तुझ्यासारखी गरगर फिरेल, पण ओलसर धान्य आलं की थबकेल, आणि दर वेळी गज घेऊन नळी मोकळी करायला तूच! त्यापेक्षा मोठी घ्या. सावकाश फिरेल, पण भरल्या नळीनिशी सुरू होईल. अगदी थोरलीही नको, नाहीतर धान्य वर पोचेपर्यंत तू म्हातारी होशील. माप खाली लिहिलंय. बाबांना सांग, एका मिस्त्रीने सुचवलं. माझं नाव काढलंस तर मुद्दाम दुसरी आणतील.

आईस सा. न. लोभ आहेच.
तुझा दादा

ता. २४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी मोटर बसली. भरलेली नळी एका दमात ओढली. मी बॅग भरायला घेतली, तर बाबा म्हणाले, आता शेजाऱ्यांचंही धान्य भरून देऊ, ऑगरचा लिव्हर तुझ्याशिवाय कुणाला जमतोय! दादा, मोटर चांगली निघाली तिथेच घोळ झाला. कोठीमागे जाऊन पोटभर रडले.

काल सकाळी ऑगरचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर लिव्हरवर आई. बाबा ओरडत होते, तिने मानसुद्धा वळवली नाही. ढीग संपेपर्यंत चालवली, मग सावकाश बंद केली. मी म्हटलं, अगं, अशाने तू अडकशील. ती म्हणाली, मी आहेच अडकलेली, दोघी कशाला?

तेव्हापासून बाबांनी अबोला धरलाय. मी शनिवारी पोचते. न्यायला ये, आणि भेटल्या भेटल्या आईचं विचारू नकोस.

लोभ असू दे, त्यातला थोडा तिच्यासाठी राख.
तुझी भिंगरी