तारेच्या टोकाचा डाव

प्रिय चिंगे,

तू नऊ-दहा वर्षांची असशील. दुपारची वेळ, स्वयंपाकघरातलं टेबल, तू आणि बाबा बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले, आणि मी गॅसवर दूध ठेवून तुमच्याकडेच बघत उभी. दूध उतू गेलं. वास तिघांनाही आला, पण जागचं कुणी हललं नाही, कारण तुझं बोट घोड्यावर टेकलं होतं आणि बाबांचा नियम होता, हात लावला की चालायचं. त्या घोड्यापायी तू हरलीस आणि मुसमुसत गॅस पुसलास. तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून मला असलंच काहीबाही आठवतंय.

घाबरू नकोस, नीट वाच. बाबा खांबावरून पडले. खुब्याचं हाड मोडलंय. शुक्रवारी सकाळी आठला ऑपरेशन आहे. हाड जोडता येईल, पण त्यांचं हृदय भूल कितपत सोसेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आज बुधवार. हे पत्र मी संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात देणार आहे, उद्या सकाळी तो ते तुझ्या ऑफिसच्या गेटवर पोचवेल. फोन का केला नाहीस म्हणून चिडशील. बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं, "तिला फोन करायचा नाही. माझं हाड मोडलं म्हणून ती यायला नको." आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, वचन दिलं की अक्षर न् अक्षर पाळा. फोन मी केलेला नाही. पत्राबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला मला दोन वर्षं धीर झाला नाही. तू मला टॅबलेटवर तो खेळ घालून दिलास, तेव्हा मला घोडा अडीच घरं जातो एवढंच कळत होतं. पहिल्या रविवारी तू मला अकरा चालींत मारलंस. दुसऱ्या रविवारी चार वाजता मी खेळायला बसले, तर बाबा वर्तमानपत्र घेऊन माझ्या खुर्चीमागे येऊन उभे. जरा वेळाने वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "उंट." मी उंटाला बोट लावलं. त्या दिवसापासून चिंगे, तू माझ्याशी कधी खेळलीच नाहीस. बोट माझं असायचं एवढंच. तू लिहायचीस, आई, तू इतकी पाताळयंत्री कधीपासून झालीस? ते मी मोठ्याने वाचून दाखवायची. बाबा न ऐकल्यासारखं करायचे, आणि पाच मिनिटांनी विचारायचे, काय लिहिलंय म्हणालीस?

तुला वाटायचं आमचं नेट रखडतंय. अर्धा वेळ ते खरंच रखडायचं. गावात टेलिफोनच्या तारेवर चालणारी ती शेवटचीच लाइन, वारा सुटला तरी लंगडायची. पण उरलेला अर्धा वेळ बाबा विचार करत असायचे आणि मी तुला लिहायची, थांब गं, नेटचं चाक फिरतंय. तू तुमच्या कंपनीचं नवं कनेक्शन पाठवते म्हणालीस, तेव्हा मी भिंतीला भोकं नकोत, पावसाचं पाणी मुरेल, असलं काय काय सांगितलं. खरं कारण हे की नेट वेगवान झालं असतं तर तुझ्या बाबांना लपायला जागा उरली नसती.

रविवारी डाव रंगला होता. तुझा वजीर आत घुसला होता, बाबा खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होते. त्यांची अकरा मिनिटं उरली असताना लाइन गेली. तू घड्याळ थांबत नाही असाच डाव लावतेस ना, वेळ चालूच होता. परसातल्या खांबावरचा सांधा सैल होतो हे त्यांना ठाऊक. या दोन वर्षांत ते कितीदा वर चढले असतील, एकाहत्तराव्या वर्षी, तो जुना चामडी पट्टा कमरेला आवळून. मी ओरडायची, हरा एक डाव, काय बिघडतं? म्हणायचे, तिला वाटेल आपण उठून गेलो.

मी खिडकीत बसले. एक डोळा त्यांच्यावर, एक डोळा नेटच्या डब्याच्या दिव्यावर. दिवा हिरवा झाला. चार मिनिटं उरली होती. मी खिडकीतून हाक मारली, "आली!" त्यांनी वळून बघितलं आणि आलो म्हणून हात वर केला. पट्टा तेव्हाच सुटला. माझ्या हाकेनं ते वळले, हे मी डॉक्टरीणबाईंनाही सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे.

जमिनीवर पडल्यापडल्या त्यांनी विचारलं, "लाइन टिकलीय ना? मग हत्ती मागे घे, जा." मी गेले नाही. शेजारच्या दुकानदाराला बोलावलं, त्याने टेम्पो काढला. टॅबलेट उचलायला घरात गेले तेव्हा वेळ संपून डाव तुझ्या नावावर लागला होता आणि खाली तुझं वाक्य होतं, "हरायला लागलं की उठून जायचं, हे बाबांकडून शिकलीस वाटतं." ते मी त्यांना दाखवलेलं नाही. तू चेष्टेत लिहिलंस, मला माहीत आहे. सगळंच चेष्टेत नव्हतं, तेही माहीत आहे. तू त्या कंपनीत लागलीस आणि त्याच टेबलावर, अर्ध्या डावात, म्हणालीस की तुमच्या तारा आता भंगारात जाणार. ते उठून गेले, आणि सहा वर्षं तुझ्याशी बोलले नाहीत. चुकलेच ते. पण चिंगे, टेलिफोन खात्यात ज्या तारा त्यांनी खांब खांब चढून ओढल्या, त्यातली शेवटची त्यांनी तुझ्यासाठी जिवंत ठेवली होती.

आज दुपारी त्यांनी मला वही-पेन्सिल घ्यायला सांगितली. ऑपरेशन आहे, सांगून ठेवलेलं बरं, म्हणाले. मी हसण्यावारी न्यायला बघितलं, त्यांनी नेऊ दिलं नाही. म्हणून हे पत्र. रेडिओ तुझ्या काकांना. पक्कड आणि चामडी पट्टा दुकानदाराला, पण पट्ट्याचं बक्कल बदलून. नोकरीतला खाकी कोट मला, थंडीत अंगावर घ्यायला. आणि मग भिंतीकडे बघत म्हणाले, पट चिंगीला. तो कपाटावर आहे, माझ्या जुन्या टॉवेलखाली, सहा वर्षांपूर्वी तुम्ही सोडलात तसाच मांडलेला. एकदा धूळ झटकताना माझ्या हातून दोन प्यादी पडली होती, त्यांनी न विचारता जागच्या जागी ठेवली. घराची किल्ली दुकानदाराकडे आहे. येताना घरावरून ये. सोंगट्या डब्यात भरल्यास तरी चालेल, कुठली कुठे होती ते तुम्हा दोघांनाही पाठ आहे. पट तुझाच आहे, पण आधी तो इथे त्यांच्या पलंगावर मांड, शुक्रवारी आठच्या आत. चाल त्यांची आहे.

तुझीच,
आई