मळ्या वाचवण्याची माझी मोहीम

८ एप्रिल
ग्रामसभेत गावच्या जैवविविधता समितीचा अध्यक्ष झालो. बिनविरोध! बाकीचे तोवर चहाला गेले होते. समितीत मी एकटाच, त्यामुळे मतभेदही नाहीत. नाव मच्छिंद्र, माशांचं भलं माझ्याच हातून व्हायचं असणार.

११ एप्रिल
कॉलेजच्या स्नेहल मॅडम आल्या. प्रवरेतल्या बोटाएवढ्या गावठी माशांचा सर्व्हे करतायत. म्हणाल्या, मळ्या मासा या भागात आता फक्त आपल्या देवीच्या डोहात उरलाय. देवीचा म्हणून तिथे कोणी गळ टाकत नाही. जूनमध्ये रिपोर्ट; मदत करणाऱ्यांची नावं छापणार! आनंदाने जेवण गेलं नाही. तीनच भाकरी.

१९ एप्रिल, सकाळी ६
संकल्प : रोज पहाटे डोहाची पाहणी.

१९ एप्रिल, सकाळी ९.३०
उद्यापासून.

२ मे
अखेर डोहावर गेलो. पाणी गुडघ्याएवढं! मळ्या दगडांना चिकटून बसलेत. हताश दिसतात. काठाला राहणारी लंकाबाई म्हणाली, मळ्या चिकटूनच बसतोय, आन भंडारदरा धरणाच्या पान्याचं रोटेशन सुटलं की डोह भरतोय, दर साली भरतोय. तिला सायन्स काय कळणार!

४ मे, दुपारी १
मोहीम फत्ते! मच्छरदाणीने त्रेचाळीस मळ्या धरले आणि बादल्यांतून माझ्या शेततळ्यात सोडले. तळ्यात चुलतभाऊ कचरूने टाकलेल्या चिलापी आहेत. तेही मासेच, गुण्यागोविंदाने राहतील. बायकोने मच्छरदाणीचं विचारलं. मी म्हणालो, दीपा, मोठ्या कामात त्याग आलाच. पुढचं ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

६ मे
रोटेशन सुटलं. डोह तुडुंब. निव्वळ योगायोग.

१५ मे
तळ्यात मळ्या दिसत नाहीत. लाजाळू जात. चिलापी मात्र गुटगुटीत झाल्यात. संगत मानवली.

२३ मे
कालवणासाठी दीपा चिलापी साफ करत होती. पोटात मळ्या निघाला. हा तुमच्या त्रेचाळिसांतलाच का, म्हणाली. एखादा अपवाद असतो.

२४ मे
आणखी दोन अपवाद.

१० जून
वाचवलेले मळ्या दाखवायला स्नेहल मॅडमना तळ्यावर नेलं. त्यांनी जाळं टाकलं. दोन तासांत चिलापी, चिलापी, बेडूक, चिलापी. मी म्हणालो, मळ्या खोल गेले असतील. मॅडमनी जाळं गुंडाळलं. मग डोहावर गेलो, तर दगडा-दगडाला मळ्या! लंकाबाईने सांगितलं, अध्यक्ष बादल्या भरायला लागले तवा मी तीसेक मळ्या म्हशीच्या पान्याच्या डोणीत झाकून ठेवले, पानी आल्यावर सोडून दिले. मॅडमनी तिचं नाव दोनदा लिहून घेतलं. माझं एकदा.

२७ जून
रिपोर्ट आला. पान दोनवर लंकाबाईचे आभार. माझं नाव पान सातवर आहे. मथळा : 'मळ्याला असलेले धोके'. चिलापीच्याही वर.

फार लाज वाटली. संध्याकाळी पेढे घेऊन लंकाबाईकडे गेलो. चुकलं म्हणालो. मळ्यांसाठी आता काय करू, तेही विचारलं. म्हणाली, तुमी फकस्त डोहाकडं फिरकू नका, तेवढं केलं तरी लई उपकार व्हतील.

कबूल केलं. उद्यापासून.